माहेरची कोंबडी

बाय कुणाची खुशाली तोंडाने विचारत नसे. ती थेट समोरच्याची पापणी खाली ओढायची. पदवी घेऊन मी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या लहान गावातून नोकरीसाठी शहरात आले आणि शिरवण्यात तिच्या घरावरची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच सकाळी तिने अंगठ्याने माझी पापणी ओढली आणि म्हणाली, "रगत नाय गो तुज्यात. जेवतेस कं नुसती पुस्तकं खातेस?" संध्याकाळी माझ्या दारात बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी आली. आमच्या घरातली मी पहिलीच पदवीधर. इथे आपलं कोण असणार, ही धास्ती घेऊन आले होते. ती त्या ताटापाशीच संपली.

सारी आळी तिला बाय म्हणायची. मी एकदा अहो-जाहो केलं, तर म्हणाली, "मना कोन सायेब समजतेस?"

घरामागे, दोन इमारतींच्या मध्ये उरलेल्या चिंचोळ्या अंगणात तिचं खुराडं होतं. लग्न होऊन ती आली तेव्हा तिच्या आईने पाटीखाली झाकून एक तांबडी कोंबडी दिली होती. तिची पिल्लं, मग त्यांची पिल्लं, अशी ती जात बायने आजवर टिकवली होती. आळीत नवी सून आली किंवा कुणाचं बाळंतपण झालं, की बायच्या खुराड्यातून एक कोंबडी त्या घरी जायची. "इकतची कोंबरी म्हंजे नुसतं मटन," ती म्हणायची. "ही माज्या आयची सोबत हाय." धाकटी लेक द्रोणागिरीला राहायला गेली होती. तिच्या घरामागे मोकळी जागा होती. तिला एक जोडी द्यायचं बायने कबूल केलं होतं.

त्या हिवाळ्यात एका कोंबडीच्या डोळ्यातून पाणी येऊ लागलं. बायने आधी दृष्ट काढली. मग थंडी बाधली असेल म्हणून खुराड्याला ताडपत्री घट्ट गुंडाळली आणि रोज आत धूप जाळू लागली. कोंबडीचा डोळा सुजून मिटला, कडेला फेस दिसू लागला, नाकपुड्या चिकटल्या. बाकीच्याही शिंकायला लागल्या. बायने ती कोंबडी कानाशी धरली. "आतून घुरघुरते गो."

शेजारून तिचा दीर म्हणाला, "वयनी, मरायच्या आदी काप. उद्या रविवार हाय."

"तुना सर्दी झाली तवा कापला व्हता कं?"

भाजीच्या क्रेटमध्ये कोंबडी घालून आम्ही जनावरांच्या दवाखान्यात निघालो. रिक्षावाल्याने विचारलं, "मावशी, पेशंट तुमी का ती?"

"ती. माजं तोंड चालू हाय, ऐकू नाय येत?"

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "एकदम काही मेल्या का?" एकही नाही, म्हटल्यावर त्यांनी चोच उघडून पाहिली. "आजी, दिसतं डोळ्यात, पण दुखणं श्वासाचं आहे." ताडपत्रीचं आणि धुपाचं ऐकून त्या म्हणाल्या, "विष्ठेचा उग्र वास आत कोंडला, वर धूर. हवा खेळू द्या." पाण्यातून औषध, डोळ्यात थेंब, आजारी कोंबडी वेगळी, आणि औषध चालू असेतो अंडी खायची नाहीत.

बायने सगळं मनापासून केलं. धडधाकट कोंबड्यांना आधी दाणे, आजारी कोंबडीकडे सगळ्यात शेवटी, मग हातपाय धुवायचे. मी टॉवेलात कोंबडी धरायची आणि बाय कोमट मिठाच्या पाण्यात कापूस बुडवून डोळा पुसायची. "उघर गो राणी, उघर." एका सकाळी तो डोळा उघडला, तेव्हा बायने आळीभर सांगितलं.

पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बऱ्या दिसतात, पण हा रोग अंगात लपून राहू शकतो. अंड्यातून पिल्लांतही जाऊ शकतो. यातली एकही कुणाला देऊ नका." परतताना बायने रिक्षात क्रेट मांडीवर घेतला.

लेक जोडी न्यायला आली. "आये, टुणटुणीत तर हायत. कशाला टेन्शन घेतेस? डॉक्टर लोक असंच बोलतात."

"माज्या आयच्या नावानं तुज्या दारात रोग पाठवू?" बाय म्हणाली.

लेक रुसून गेली. आळीत कुजबुज झाली, बाय कंजूस झाली. तिने त्यानंतर अंडी उबवायला ठेवली नाहीत. खुडूक कोंबडी रिकाम्या टोपलीत बसून राहायची, तेव्हा बाय तिला दोन्ही हातांनी उचलायची. "ऊठ गो. आता नाय." मला ते बघवत नसे. हळूहळू कोंबड्या म्हाताऱ्या होऊन गेल्या. शेवटची तांबडी गेल्यावर बायने खुराडं घासून धुतलं, चुना लावला आणि कितीतरी दिवस उन्हात उघडं ठेवलं.

माझी पुण्याला बदली झाली, त्याच आठवड्यात बाय उरणकडच्या एका ओळखीच्या घरी गेली. तिथली एकेक कोंबडी निरखून तिने एक जोडी निवडली आणि लेकीला बोलावून पाटीखाली झाकून तिच्यापुढे ठेवली. मी सामान बांधता बांधता जिन्यात थांबले.

लेकीने पाटी उचलून पाहिलं. आत एक कोंबडा आणि पांढरी कोंबडी होती. "ही आजीची नाय."

"नाय," बाय म्हणाली. "पन हिची पिल्लां तू कोनालापन दे."