वांग्यातल्या अळीची प्रस्तावना

माझ्या अकोल्याच्या साडूंएवढा अस्वस्थ माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल. शाळेत ते विज्ञान शिकवत आणि उरलेल्या वेळात वांग्यातल्या अळीवर संशोधन करत. त्यांच्या घरी वांगं चिरायचं ते भिंगाखाली. अळी निघाली की भाजी राहायची बाजूला आणि माझी मेव्हणी नुसत्या वरणावर पानं वाढायची. संशोधन कधीच झालं होतं, पण त्याची प्रस्तावना काही संपेना. ती पृथ्वी तप्त गोळा होती तिथून सुरू व्हायची. चाळीस पानं झाली तरी माणूस गुहेतच. मेव्हणी विचारायची, "अवो, तुमची अळी निंगन तरी कवा?" साडू येरझारा घालत म्हणायचे, "थांब ना! तिले बसाले जागा तर करू दे."

त्यांचं अक्षर त्यांनाच लागत नसे, म्हणून स्वच्छ प्रत मी अमरावतीला करत असे. एकदा भर दुपारी ते आगगाडीने आले, बडनेऱ्याहून टांगा केला आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, "साडभाऊ, 'परंतु'च्या जागी 'तथापि' करा." पाणी पिऊन त्याच टांग्याने परत. तिसऱ्या दिवशी कार्ड आलं : 'परंतु'च राहू द्यावे.

अखेर निबंध नागपूरच्या सरकारी कचेरीकडे पाठवायचं ठरलं. पसंत पडला तर सरकारी शेतावर प्रयोगाला जागा मिळणार होती. आयुष्यात त्यांना एवढंच हवं होतं. म्हणाले, "पृथ्वी काढा, गुहा काढा. पार्वताबाईचं पान तेवढं राहू द्या."

पार्वताबाई ही अकोल्याची माळीण. वांग्याच्या शेंड्याने मान टाकली की तो खालून खुडून जाळायचा, मग फळात अळी कमी होते, हे तिने त्यांना दाखवलं होतं. 'युक्ती तिची, मी फक्त मोजले,' असं त्यांनी लिहिलं होतं. साहेब लोक हसतील म्हणून मी ते पान गाळलं. त्यांच्या भल्यासाठी, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे माझ्या सुबक अक्षरात माळणीचे आभार लिहायची मलाच लाज वाटली.

मंजुरी आली. साडू ते पत्र घेऊन पार्वताबाईच्या मळ्यात धावले, मोठ्याने वाचू लागले आणि 'आपण स्वतः शोधलेली युक्ती' या शब्दांशी थांबले. ती म्हणाली, "जाऊ द्या ना मास्तर. अळी तर मरून राहिली ना?" त्याच दिवशी त्यांनी नागपूरला खरं काय ते कळवलं, आणि प्रस्तावना दुरुस्त होईपर्यंत मंजुरी नको म्हणून लिहिलं. पुढे उत्तर आलं नाही. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

मी माफी मागायला अकोल्याला गेलो. त्यांनी चहा दिला. म्हणाले, "एवढंच सांगा, ते पान ठेवलं का फाडलं?"

"फाडलं."

बराच वेळ ते माझ्या बोटांकडे पाहत होते. "अक्षर लय चांगलं होतं वो तुमचं," म्हणाले.

आता प्रत ते स्वतःच करतात. मेव्हणी सांगते, एका पानाला आठवडा लागतो. वाचायला मागायचं धाडस मला अजून झालेलं नाही.