आबांचा बँड आणि सात मात्रांची चाल

बँडवाल्याच्या घरात किश्श्यांना तोटा नाही. एक सांगायला बसावं, तर मागनं चार ढकलाढकली करत येतात!

उचगावात आमच्या आबांचा लग्नाचा बँड आहे. त्यात मी क्लॅरिनेट वाजवतो; आधी आबा वाजवायचे. एकदा मोबाईलवर सर्बियातल्या लग्नाचा व्हिडिओ लागला. तसलीच पितळी वाद्यं, तसलेच घामाघूम वाजवणारे, पण चाल सात मात्रांची! मी येडाच झालो. तिथं लोक खूश झाले की वाजवणाऱ्याच्या कपाळाला नोट चिकटवतात. आबांना दाखवलं.

"कपाळाला? भिजती की रं नोट! आपल्यात ओवाळून हातात देत्यात, तेच बरं."

चालीबद्दल चकार शब्द नाही!

*

मग इस्तंबूलच्या एका उस्तादांचा ऑनलाइन क्लास लावला. त्यांच्याकडं आपल्या दोन सुरांच्या मधलेही सूर असतात. लई खटपट करून मी तसला एक सूर लावला, तर आतनं आबा गरजले, "क्लॅरिनेटची पत्ती बदल की! बेसूर वाजतंय!"

उस्ताद दचकले. "हू?"

"फादर."

"ही इज टीचर?"

"नो सर, ही इज मालक!"

*

हिंमत करून एका वरातीत सात मात्रांची चाल वाजवली. नाचणारे आठव्या मात्रेला पाय टाकायला गेले आणि एकमेकांवर आदळले. दुसऱ्या फेरीला मात्र लोक झकास नाचायला लागले आणि मीच भरकटलो. बघतो तर आमचे हलगीवाले दिनूतात्या खुशाल आठ वाजवत होते!

"तात्या, हे काय?"

"एक मात्रा कमी पडत हुती लेका. घातली माझ्या पदरची!"

आबा मात्र भडकले. "लोक नाचायचं थांबलं की बँड मेला! माझ्या बँडात पुन्यांदा हे वाजवायचं न्हाय."

लई वाईट वाटलं. आबांच्या बँडात ती चाल एकदा तरी धड वाजावी, एवढीच माझी इच्छा होती.

*

माझं लग्न ठरलं. म्हटलं, "आबा, माझ्या वरातीत तरी?"

"न्हाय म्हंजे न्हाय."

विषय संपला. वरातीत मी घोड्यावर, मुंडावळ्या बांधून. आबा वरबाप म्हणून फेटा बांधून पुढं. वरबापानं वाजवायचं नसतं. पण मारुतीच्या देवळापाशी आबांनी बँड थांबवला आणि उपरण्याखालनं माझं क्लॅरिनेट काढून स्वतःच तोंडाला लावलं!

तात्यांनी हलगीवर ठेका धरला. सात मात्रा, एकही जादा नाही.

नाचणारे अडखळले, थांबले. तेवढ्यात आई पदर खोचून पुढं आली आणि त्या चालीवर बिनचूक पाय टाकायला लागली. माझा रियाज ऐकून ऐकून सगळ्या घराला ती पाठ झाली होती! तिच्यामागं भावकीतल्या सगळ्या बायका. मग काय, सगळी वरातच नाचायला लागली!

नवरीच्या मामांनी आबांना गाठलं. "पावणं, हे कुठलं म्हणायचं?"

आबांनी क्लॅरिनेट तोंडातनं काढलं. "आमच्या घरचं हाय!" म्हणाले आणि परत वाजवायला लागले.

मी खिशातनं नोट काढली, घोड्यावरनं वाकलो आणि फेट्याखाली आबांच्या कपाळाला चिकटवली. घामानं पक्की बसली.