कोणती भरती निघाली?

लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी आम्ही पुण्याला निघालो. दिघोरीहून केलेली जीप वाटेत पंक्चर झाली आणि स्टेशनात शिरलो तेव्हा गाडी सुटायच्या बेतात. नवरा बॅगा घेऊन पुढं पळाला. मी निऱ्या मुठीत धरल्या अन् सुटले त्याच्या मागं. पाठीमागून बाबा ओरडले, "रंजू, धावू नोको, लोकं पाहून राहिले!" घ्या! पोरगी चालली हजार किलोमीटर, गाडी हातची जाते की काय अशी गत, आणि या माणसाला लोकांची पडली होती.

आमच्या गावात धावायचं ते फक्त पोलीस भरतीसाठी. माझा मोठा भाऊ राजू रोज सकाळी तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, धावायचा, बाबा सोबत जायचे. त्याला दोन अंडी, भिजवलेले चणे, नवे बूट. माझी बारावी झाली होती, मलाही फॉर्म भरायचा होता. चार दिवस मी त्याच्यासोबत अनवाणी धावले. पाचव्या दिवशी बाबा म्हणाले, "उद्यापासून पारीवर येऊ नोको. पोरीच्या जातीले शोभत नाही." झालं, विषय संपला. राजू दोनदा नापास झाला तरी त्याची अंडी चालूच! मी तेव्हा भांडले नाही, याचा आज मला जास्त संताप येतो.

आता पस्तिशीत, दोन लेकरं झाल्यावर, मी पहिल्या हाफ मॅरेथॉनची तयारी करते आहे. एकवीस किलोमीटर. सोसायटीतल्या बायकांचा ग्रुप आहे, कोच आहे, शेड्युल आहे. रविवारी लाँग रन. माझे सोळा किलोमीटर नेमके दिवाळीत आले, म्हणून बूट घेऊनच माहेरी गेले.

सकाळी घरातून निघाले. धानाची कापणी चालू होती. बांधीतल्या, म्हणजे धानाच्या वाफ्यातल्या, बायका विळे हातात घेऊन ताठ उभ्या राहिल्या. "कोणती भरती निघाली वो बाई?"

"भरती नाही मावशी, शर्यत आहे पुण्याले."

"मंग नोकरी भेटते काय?"

"मेडल भेटते."

"बापा! मंग कायले धावतेस?"

मी पुढं गेले, पण फोन माझ्याआधी घरी पोचला. आईनं हिशोब लावून टाकला: जावयाची नोकरी गेली, पोरगी भरतीची प्रॅक्टिस करते आहे. लागली रडायला. अगं माय, पस्तिशीत कोण घेतं गं पोलिसात! सहाव्या किलोमीटरला बाबा मोटरसायकल घेऊन आडवे आले.

"घरी चाल. तुयी माय रडून राहिली. जवाईबापूची नोकरी गेली काय?"

"नाही गेली."

"मंग काहून धावतेस?"

"मले धावाचं हाये म्हणून!"

वळसा घालून मी पुढं निघाले. पुण्याची उरलीसुरली भाषा त्या एका वाक्यात गळून पडली होती. बाबा गाडी हळूहळू बाजूनं चालवत राहिले. मग म्हणाले, "तवाबी तू राजूच्या पुढं जात होतीस. चारही दिवस. मी टाइम पाहिला होता."

मी थांबले. "मालूम होतं तुमाले?"

"हाव."

"मंग मले बंद काहून केलं?"

ते धानाकडं पाहत म्हणाले, "पोरगा हिंमत हारून राहिला होता."

अठरा वर्षं मी समजत होते, लोकांच्या भीतीनं मला थांबवलं. लोक बिचारे कुठंच नव्हते! पोराचं मन मोडू नये म्हणून पोरीचे पाय बांधले. तोंडाला येत होतं ते बापाला बोलण्यासारखं नव्हतं. सोळा पूर्ण करूनच घरी गेले.

आमच्या भागातल्या, पवनीच्या, आंधळगावच्या ज्या मुली माझ्यासारख्या दूर गेल्या, त्या माहेर म्हटलं की हळव्या होतात. मीही होते. पण मी काय आहे हे सगळ्यात आधी त्याच घराला कळलं होतं, आणि त्याच घरानं ते माझ्यापासून लपवलं. पुण्यात कोच दर रविवारी माझा टाइम सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतो.

बाबा, हे छापून आलं की राजूकडून वाचून घ्याल. त्या चार दिवसांचा टाइम तुम्हाला आठवत असेल. सांगा मले. तो माझा आहे.