मापाचा ब्लाऊज

३० डिसेंबर १९९८. हातातलं काम: शेजारच्या लग्नघरातल्या ब्लाऊजना हूक लावणं. धाकटी बहीण गेल्यापासून पहिल्यांदाच, त्या पहाटे अमेरिकेहून आली होती आणि आतल्या खोलीत झोपली होती. मशीनचा आवाज नको, म्हणून मी हातशिलाईचं काढलं होतं.

बडोद्याला गोरव्यात आमच्या पुढच्या खोलीत मी ब्लाऊज शिवत असे. आमच्याकडे बायका अंगाचं माप सहसा देत नाहीत. नीट बसलेला एक जुना ब्लाऊज आणून टाकतात, तो मापाचा ब्लाऊज. त्यावरून उंची, मुंढा, गळा सगळं उतरवायचं आणि काम झालं की तो परत द्यायचा. 'साईज' हा शब्द माझ्या खोलीत उशिरा आला. पूर्वी कपड्याला माप होतं, चपलेला नंबर होता. मग अलकापुरीत काचेची रेडिमेड दुकानं निघाली, आणि प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या आमच्यासारख्यासुद्धा मीडियम आणि लार्ज झाल्या. एक गुजराती गिऱ्हाईक दारातच सांगायची, "बेन, मारी साईज तो छत्रीस छे." टेप घेऊन मी तिच्या मागे उभी राहिले की एकोणचाळीस भरायचं. मी म्हणायचे, "छत्रीस ज छे," आणि एकोणचाळीसचा शिवायचे. मापाचं खरं असतं, साईजचं समाधान असतं.

बहिणीचा मापाचा ब्लाऊज माझ्याच कपाटात होता. जांभळा, खणाचा. लग्नानंतर तिच्या नवऱ्याला कॉम्प्युटरची नोकरी लागली, दोघं निघाली, तेव्हा ती म्हणाली, "ताई, हा ठेव. दोन-तीन वर्षांत येणारच आहोत, तोवर शिवून पाठवत जा." दर दिवाळीला मी लहरीपुऱ्यात जाऊन साडी घ्यायचे, अस्तर आणि दोरा जुळवायचे, त्या जांभळ्यावरून ब्लाऊज बेतायचे आणि कुणी जाणारं मिळालं की पाठवायचे. तिकडून फोन यायचा. पैसे पळत असायचे, म्हणून मी आधी कामाचं विचारायचे.

"माप तेच ना गं?"

"तेच. बदलायला काय झालंय?"

मग मी विचारायचे, "केव्हा येताय?" आणि ती म्हणायची, "येऊ ना."

त्या संध्याकाळी शेजारच्या मुलीचं रिसेप्शन होतं. बहिणीने बॅग उघडली. मी पाठवलेल्या सगळ्या साड्या तिने बरोबर आणल्या होत्या, प्रत्येकीच्या घडीत तिचा ब्लाऊज. मला बरं वाटलं. मोरपिशी साडी घेऊन ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

"अगं, वरात परत निघेल तिकडे!"

"ताई, तूच ये आत."

ब्लाऊज दंडातच अडकला होता. पुढचे हूक एकमेकांची तोंडं बघत होते. मी बाकीचे ब्लाऊज उचलून पाहिले. काखेत घामाचा डाग नाही, एकाही हुकाला ताण बसलेला नाही. गळ्यावर माझ्या खडूची खूण अजून तशीच होती. एकही अंगाला लागला नव्हता.

"फोनवर आकडे सांगायचे की गं. छाती, दंड, कंबर. एवढंच तर होतं."

"सांगितले असते, तर त्या जांभळ्याचं तू काय केलं असतंस?"

"काय करणार? फडकं. मशीन पुसायला."

"म्हणूनच नाही सांगितलं."

मी दंडातून बाही सोडवायला लागले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आम्ही तिकडे घर घेतोय. चाव्या मार्चमध्ये मिळतील."

"हात वर कर," मी म्हटलं. इतकी वर्षं मी कपाट उघडायचे तेव्हा तो जांभळा समोर दिसायचा आणि वाटायचं, ही कुठे लांब गेलीय? प्रतापनगरला असेल, येईल सायकलवरून. आता माझ्यासमोर एक भरल्या अंगाची, चाळिशीकडे झुकलेली बाई हात वर करून उभी होती. ती माझी बहीण होती आणि तिचं माप मला ठाऊक नव्हतं.

ती पंजाबी ड्रेस घालून रिसेप्शनला आली. तिथे कुणीतरी विचारलं, "साडी नाही नेसलीस गं?" ती म्हणाली, "सवय गेली हो, मावशी." मी पुरी खात राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा व्हायच्या आत मी तिला स्वयंपाकघराच्या उजेडात उभं केलं.

"अगं, तोंड तरी धुऊ दे!"

"तोंडाचं माप नाही घ्यायचं. श्वास नेहमीसारखा घे, पोट आत ओढू नकोस."

टेप लावली. मग मोरपिशी ब्लाऊजच्या दोन्ही बाजू उसवल्या. आत शिवणीत मी दोन्हीकडे जादा कापडाची बोटभर माया ठेवली होती. ती सगळी सोडली, बाहीला काखेत जोड दिला आणि तिला घालायला लावला. हूक लागले. खांद्यावर जरा ओढ होती, ती टाचणी लावून काढली.

"बरोबर बसलाय," ती हात पुढे-मागे करत म्हणाली. "हा मी जाताना घालते."

"काढ तो. तो इथे राहणार."

"आणि मी काय घालू?"

"बाकीचे उसवून मोठे करून देते. अजून दहा दिवस आहेस ना?"

तिने तो काढून माझ्या हातात दिला. मी घडी घातली आणि कपाटात जांभळ्याच्या वर ठेवला. मग पुढच्या खोलीत गेले, दिवा लावला आणि दुसऱ्या ब्लाऊजची शिवण उसवायला घेतली.