अंगठ्याची जागा

चाकवाले काका कुणाकडे गेले, की आधी समोरचं भांडं उलटं करून बघत. बूड सरळ आहे का, काठ कुठे जाड राहिलाय का, याची खात्री झाल्याशिवाय त्यांना बसवत नसे. जन्मभर चाकावर माती फिरवलेल्या माणसाची ही खोड. ती कुठे जाणार? लेकीसाठी स्थळ बघायला गेले तिथेही त्यांनी साखरेचं भांडं उलटं केलं होतं, साखरेसकट. ते लग्न काही जमलं नाही. म्हणून त्या संध्याकाळी घराला कुलूप लावता लावता काकूंनी बजावलं, "हे बघा, तिथे काहीही उलटंपालटं करायचं नाही."

"अगं, माझीच भांडी आहेत ती."

"म्हणूनच सांगतेय."

जायचं होतं ते हॉटेल म्हणजे एक अजबच प्रकरण होतं. तिथे काय हवं ते गिऱ्हाइकाला विचारतच नसत. शेफच्या मनात येईल ते, एकामागून एक, घासभर येत राहायचं. हा शेफ बरीच वर्षं कोरियात स्वयंपाक करून आला होता आणि त्याच्या हाताला तिकडची चव लागली होती. हॉटेलातली झाडून सगळी भांडी त्याने काकांकडून करून घेतली, आणि काम मनासारखं झालं म्हणून काका, काकू आणि लेक अशा तिघांना जेवायला बोलावलं.

एवढं मोठं काम काकांना आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. आणि मिळालं ते नेमकं त्यांचा उजवा हात थरथरायला लागल्यावर. काकांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. हात टॉवेलखाली झाकून ठेवायचा, की झालं. तीन माणसांच्या घरात टॉवेलखाली काय लपणार म्हणा! सकाळी ते चाकावर बसत, दुपारी आडवे होत. हल्ली झोप जरा लांबायची. पण संध्याकाळी उठून बघावं तर फळी ओल्या वाट्यांनी भरलेली. "हात शाबूत आहे अजून," ते म्हणायचे. काकू "हो ना" म्हणायच्या आणि तडक आत जायच्या.

लेक लहानपणी चाकाशेजारी भिंतीला टेकून बसायची, टक लावून बघायची. एकदा हट्टाने चाकावर बसली, तेव्हा तिचा गोळा वाकडा झाला आणि काका म्हणाले, "तुझ्या हाताला माती ऐकत नाही. तू आपली शीक, नोकरी कर." ती शिकली, नोकरीही केली. मग ती नोकरी सोडून पुन्हा घरी आली. भांड्यांना झिलई द्यायची, ती गवतात बांधायची. काका काही दुष्ट नव्हते हो. कौतुक करायची वेळ आली की त्यांची जीभ जड व्हायची, एवढंच.

हॉटेलात दिवे इतके मंद होते, की प्रत्येक टेबलाची जणू आपापली वेगळी संध्याकाळ होती. भिंती कच्च्या मातीच्या रंगाच्या. आतून कोळशाच्या धुराचा हलका वास यायचा आणि विरून जायचा. वेटर तर इतकं हळू बोलत होता, की घरात कुणी झोपलंय असं वाटावं.

"कोरियात वाटी हातात उचलत नाहीत," तो म्हणाला. "टेबलावरच ठेवून चमच्याने खातात. इथेही तसंच करू या."

काकूंचा जीव भांड्यात पडला.

आधी कागदासारखं पातळ, कुरकुरीत समुद्री शेवाळ आलं. ते जिभेवर विरलं आणि काकांना लहानपणचा नदीकाठ आठवला, पहाटेची गार माती, पोटऱ्यांपर्यंतचा चिखल. मग आली मोठ्या मडक्यात महिनोन्‌महिने मुरवलेली कोबी, आंबट, तिखट, नाकात जाणारी. काकू खोकल्या. काकांनी मात्र डोळे मिटले. त्यांची मातीही पोत्यात अशीच मुरायची, असाच आंबूस वास सुटायचा. "चांगली मुरलीय," ते पुटपुटले. कोबीबद्दल बोलत होते की मातीबद्दल, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सगळं कसं तरंगत चाललं होतं. भाताच्या वाटीचा काठही दिव्याच्या उजेडात हलल्यासारखा दिसत होता. लेक समोर बसली होती. जेवणाकडे कमी आणि बापाकडे जास्त बघत होती.

मग वेटरने तिघांसमोर वाफाळत्या रश्श्याच्या वाट्या ठेवल्या. "एवढं एकच मात्र वाटी उचलून, तोंडाला लावून प्या. शेफचा आग्रह आहे."

काकांनी दोन्ही हातांनी वाटी उचलली. हलकी होती. काठ ओठाला लागला, पण लागल्यासारखा वाटलाच नाही, नुसता रस्साच तोंडात उतरला. आणि सवयीने त्यांचा अंगठा आपली जागा शोधू लागला. ओली वाटी चाकावरून उतरवताना बुडाच्या वर अंगठ्याने एक खळगा दाबायचा, ही त्यांची रीत. भट्टीत माती आकसते, म्हणून अंगठा जरा फिरवून दाबायचा. मग भाजल्यावर तो तिथे बरोब्बर बसतो. त्यांच्या हातच्या प्रत्येक भांड्यावर तो खळगा असे.

खळगा सापडला. अंगठा बसला नाही.

त्यांनी पुन्हा ठेवून पाहिला. जागा अरुंद होती. आणि मग काकूंची ताकीद, कोरियाची रीत, सगळं विसरून काकांनी वाटी उलटी केली.

"अहो!" काकू ओरडल्या. अर्धा रस्सा काकांच्या मांडीवर, अर्धा टेबलावर. वेटर फडकी घेऊन धावला. काका वाटीचं बूड दिव्याजवळ धरून बघत होते. लेक सांडलेल्या रश्श्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती वाटीकडे बघत होती.

बूड सुरेख होतं. काकांनी खाली भाताच्या वाटीकडे पाहिलं. तिचा काठ अजून हलतच होता. तो दिव्याचा खेळ नव्हता. ती वाटी त्यांची होती, थरथरत्या हाताने वळलेली.

"दुपारी?" त्यांनी लेकीला विचारलं.

"हो. तुम्ही झोपल्यावर."

"सांगितलं का नाहीस?"

"संध्याकाळी फळी बघून तुम्ही इतके खूष व्हायचात, बाबा..."

काकांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. हात गेला होता, आणि तो गेल्याचं घरात सगळ्यांना त्यांच्या आधी कळलं होतं. मग त्यांनी हातातली वाटी लेकीपुढे केली. "अंगठा ठेव."

तिने ठेवला. तो जागच्या जागी बसला.

"तुझ्या हाताला माती ऐकत नाही, असं म्हणालो होतो ना मी?"

"हो."

"ऐकते."

काकू पदर डोळ्याला लावून रस्सा फार तिखट आहे म्हणाल्या. त्यांनी तो अजून चाखलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका झोपले नाहीत. त्यांनी माती मळून गोळा चाकावर ठेवला आणि भिंतीला टेकून बसले, लहानपणी लेक बसायची तिथे. ती दारात आली आणि थबकली. त्यांनी मानेनेच चाकाकडे खूण केली.

चाक फिरू लागलं. काकांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. टॉवेल शेजारीच पडला होता. तो त्यांनी हातावर ओढला नाही.