पहिल्या धारेतला कोळी

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी लागू झाल्यानंतरची ही हकीकत आहे. मी तेव्हा दारव्ह्याहून एका साप्ताहिकाला बातम्या पाठवत असे. शेजारच्या खोलीत शाळेतले विज्ञानाचे गुरुजी राहत. ते कोळी जमवत. सगळे नव्हेत, एकाच जातीचे.

पावसाळा ओसरला की दवाच्या सकाळी धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या गवतात रुमालाएवढी पांढरी जाळी दिसतात. जाळं आडवं आणि पसरट असतं. एका कडेला ते नरसाळ्यासारखं निमुळतं होत गवताच्या बुडाशी जातं. कोळी नरसाळ्याच्या तोंडाशी, पुढचे पाय जाळ्यावर ठेवून बसतो. जाळं चिकट नसतं. नाकतोडा पडला की तो धावत येतो, चावतो आणि शिकार आत ओढून नेतो. माणसाचा पाय जवळ पडला तर एकटाच आत जातो.

कूळ कोणतं, हे गुरुजींनी ठरवलं होतं. आठ डोळ्यांची मांडणी लांडगा-कोळ्यांची होती. मादी अंड्यांची गोल पिशवी मागे चिकटवून फिरवते, हेही त्यांचंच लक्षण. त्या कुळातले बहुतेक कोळी जाळं न विणता जमिनीवर धावून शिकार करतात. हा विणत होता. प्रश्न जातीचा होता. गुरुजींकडच्या पुस्तकातल्या एकाही वर्णनाशी पाठीवरचे पट्टे जुळत नव्हते. बरणीवर त्यांनी चिठ्ठी लावली होती: ‘नवीन?’

त्या प्रश्नचिन्हाचा निकाल वयात आलेल्या नरावर अवलंबून होता. नराच्या तोंडाजवळच्या दोन आखूड अवयवांची टोकं पाहून तज्ज्ञ जात सांगतात. माद्या हव्या तेवढ्या मिळत. नर वयात आला की जाळं सोडून मादीच्या शोधात भटकतो आणि थोड्याच दिवसांत मरतो. दोन हंगामांत गुरुजींना असा एकच सापडला. त्या दिवशी नमुने टिकवायचं शाळेतलं स्पिरिट संपलेलं होतं आणि नव्या स्पिरिटचा अर्ज मंजूर झालेला नव्हता.

म्हणून मी सायकल काढून तांड्यावर गेलो. तिथली एक म्हातारी मोहाची दारू गाळत असे.

“कोनासाठी पायजे, भाऊ?”

“शाळेतल्या गुरुजींसाठी.”

“मास्तर कधीपासून पिऊन राह्यले?”

“पीत नाहीत. त्यांना कोळी बुडवून ठेवायचा आहे.”

“हो का,” ती म्हणाली. “कोळ्याले चना-फुटाना बी लागत असन.”

तिने बाटली दिली. गुरुजींनी नर त्यात ठेवला, बूच मेणाने बंद केलं आणि आधीच्या स्पिरिटमधली एक मादी सोबत देऊन पार्सल कलकत्त्याच्या एका तज्ज्ञाकडे रवाना केलं. मी बातमीचा मसुदा तयार ठेवला होता.

उत्तर यायला तीन महिने लागले. मादीवरून जात निश्चित करता येत नाही, नर कुजलेला आहे, असं त्यात होतं. मी मसुदा फाडला. गुरुजींनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, “चला, तांड्यावर जाऊ.”

म्हातारीने काही लपवलं नाही. “निम्मं पानी घातलं. तुम्ही सज्जन मानूस. पहिल्या धारेची देल्ली असती तर पहिल्याच घोटाले पडले असते.”

“पण कोळ्यासाठी म्हणून सांगितलं होतं ना!”

“सारेच सांगतेत, मास्तर. कोनी बैलाच्या पायाले नेते, कोनी बायकोच्या गुडघ्याले. कोळी नवा होता, येवढंच.”

गुरुजींनी खिशातून मादीची बरणी काढून दाखवली. म्हातारीने ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

“म्हंजे खरंच कोळी होता?”

“होता.”

ती आत गेली आणि दुसरी बाटली घेऊन आली. पैसे घेतले नाहीत.

पुढचा पूर्ण हंगाम गुरुजी रोज सकाळी शाळेच्या आधी धुऱ्यांवर हिंडले. नर मिळाला नाही. त्याच्या पुढच्या हंगामात मिळाला. दुसऱ्या बाटलीत बुडून तोही कलकत्त्याला गेला.

या वेळचं पत्र चार ओळींचं होतं. ही जात दक्षिणेतून पूर्वीच नोंदली गेलेली आहे. पट्ट्यांतला फरक किरकोळ आहे. नमुना उत्तम अवस्थेत पोचला. तो कोणत्या द्रवात ठेवला होता, ते कृपया कळवावं.

गुरुजींनी बरणीवरची चिठ्ठी काढली आणि पत्रातलं नाव नव्या चिठ्ठीवर उतरवून चिकटवलं. मग पोस्टकार्ड घेऊन बसले. दारूबंदी चालूच होती आणि गुरुजींची नोकरी सरकारी होती. बऱ्याच वेळाने त्यांनी मला विचारलं, “तुम्ही बातमीदार. हे कसं लिहायचं?”

मी सांगितलं तसंच त्यांनी लिहिलं: ‘द्रव स्थानिक आहे. पाणी न घातल्यास नमुना चांगला टिकतो.’