गळ्यातलं अंगडं

तुमच्या अंगावरचं पहिलं अंगडं कुठं गेलं, सांगता येईल तुम्हाला? आमच्या किरगिझस्तानात, नारीनकडच्या अनीपा आपाला, म्हणजे अनीपा आजीला, सांगता येतं. बाळ चाळीस दिवसांचं झालं की आम्ही त्याच्या अंगड्यात खाऊ बांधतो, ते कुत्र्याच्या गळ्यात अडकवतो आणि कुत्रा सोडतो. बाळाची पीडा तो घेऊन पळतो. मागे पोरं, जो पकडेल त्याचा खाऊ.

आपाचं अंगडं मोयनोक नावाच्या कुत्र्यानं नेलं. सासरी आली तेव्हा घरच्या कुत्रीनं तिला आधी आपलं मानलं, सासूनं नंतर. कुरणावर तिच्या आणि लांडग्याच्या मध्ये उभा राहिला तोही कुत्राच. नवरा तेव्हा तंबूत घोरत होता, हे ती अजून हसत सांगते. तो वारला त्या हिवाळ्यात तिच्या पायांशी झोपायला अक्तोश होता, तेव्हा पिल्लू.

या शरदात तिची पणती चाळीस दिवसांची झाली आणि त्याच सकाळी भटकी कुत्री मारणारी गाडी गावात शिरली. पट्टा नाही तो भटका, एवढीच त्यांची अक्कल. आमच्याकडे कुत्र्याला पट्टा घालतं कोण?

"आपा, उद्या करू," नातसून जिल्दिझ म्हणाली.

"उद्या एक्केचाळिसावा. पोरीची पीडा काय गाडी जायची वाट बघत बसेल?"

"अन् अक्तोशला गोळी घातली तर?"

"गळ्यात अंगडं असलेल्या कुत्र्यावर किरगिझ माणूस गोळी झाडत नाही गं."

मी त्यांचा शेजारी, मलाही पटलं. चुकलं ते तिथंच. अक्तोश सुटला, पोरं मागे. कोपऱ्यावर त्यांनी त्याला गाठलं, आणि गाडी वळली.

"काढू नका रे अंगडं!" आपा किंचाळली. पोरांना वाटलं, म्हातारी खेळाला चेव आणतेय. अंगडं ओढून पोरं पांगली. मोकळ्या गळ्याचा अक्तोश रस्त्याच्या मधोमध उभा. बंदूकवाल्यानं नेम धरला.

मी शिव्या देत धावलो. आपा जवळ होती. तिनं डोक्यावरचा पांढरा रुमाल सोडला आणि कुत्र्याच्या गळ्यात गाठ मारली. एकाहत्तर वर्षांची बाई, भर रस्त्यात उघड्या डोक्यानं.

"आपा, बाजूला व्हा. हुकूम आहे."

"असू दे. झाड गोळी. पण माझ्याकडे बघून झाड."

त्याला बघवेना. बंदूक खाली गेली. गाडी निघाली, पण वरच्या गल्लीत. दोन बार ऐकू आले. तिथं एकही माणूस दाराबाहेर आला नव्हता.

अशी गाडी तुमच्या गल्लीत आली तर कडी लावून बसू नका. बाहेर या, आणि शेजाऱ्यालाही हाक मारा.